पंच्यावरचे डाग आणि गाठीतल्या रक्तवाहिन्या

“म्हाताऱ्या माणसाचा कॅन्सर पळत नाही, रांगतो.” हे वाक्य बेळगावात मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं तरी मान वर होत नाही. त्या दिवशी झाली, कारण बोलणाऱ्याने त्याला शास्त्र जोडून आणलं होतं.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे रुग्ण येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात. फॉर्मॅलिनच्या बाटलीत शेवईएवढा ऊतीचा धागा आणि सोबतच्या कागदावर नाव, वय, लिंग. नातेवाईक लॅबचे जिने चढून वर आलेच, तर रिपोर्टला उशीर झाला म्हणून भांडायला. हा मुलगा भांडायला आला नव्हता. तो कोल्हापूरला एका कारखान्यात नोकरीला, गाव निपाणी तालुक्यात, वडील, म्हणजे आप्पा, त्र्याहत्तर वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर झालेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. आजाराचे बदललेले नाहीत.) मोबाईलवर त्याने बरंच वाचलं होतं. म्हणाला, “मॅडम, वय झालं की जखम उशिरा भरते, नव्या रक्तवाहिन्या नीट फुटत नाहीत. मग आप्पांच्या गाठीलाही त्या कमीच फुटणार ना? गाठ हळू वाढणार. आणि ज्या आहेत त्या बंद करायचं इंजेक्शन दिलं, की झालं.”

खानापूरकडच्या एका ओळखीच्या बाईला याच आजारासाठी ते इंजेक्शन चालू होतं. वय एक्केचाळीस, तब्येत सुधारली होती. तिला दिलं, मग आप्पांना का नाही, हा त्याचा खरा प्रश्न.

आप्पांची हकीकत थोडक्यात अशी. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. आधी हमाली, मग माल पारखण्याचं काम. चिमटीत पान धरून, चोळून, कुठल्या शेतातलं आणि किती सुकलंय ते सांगायचे. विड्या दिवसाला कट्टा, त्या पंधरा वर्षांपूर्वी सोडल्या. दिवाळीपासून खोकला, वजन सात किलोने उतरलेलं. एका ठिकाणी छातीच्या फोटोत उजवीकडे वर डाग दिसला आणि बेडक्यात जंतू सापडलेले नसतानाही टीबीची औषधं सुरू झाली. दोन महिने त्यात गेले. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण फार वेळा याच वळणाने येतात. वरच्या भागातला डाग म्हणजे टीबी, हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलंय की तुकडा तपासायचं कुणाला सुचत नाही. मार्चमध्ये सीटी स्कॅन झाला. ४.८ सेंटिमीटरची गाठ, छातीच्या मध्यावरच्या लसीकाग्रंथी सुजलेल्या, फुप्फुसाभोवती पाणी. त्या पाण्यातही कॅन्सरच्या पेशी सापडल्या, म्हणजे चौथी, शेवटची पायरी. तुकडा माझ्याकडे आला. अॅडेनोकार्सिनोमा. फुप्फुसाच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार. ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांच्या तपासण्या तिन्ही निगेटिव्ह, म्हणजे गोळ्यांवर भागण्यासारखा प्रकार नव्हे. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारांचा, विषय निघाला आणि खर्चाचा आकडा ऐकून तिथेच मिटला.

मुलाचा प्रश्न मला आवडला. त्याच्यामागचा विचार खुळा नव्हता.

गाठीला रक्त लागतं हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक असेल, पण त्याचं महत्त्व पहिल्यांदा नीट मांडलं ते ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जनने, १९७१ साली. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या ओढून आणाव्या लागतात, आणि ती वाट अडवली तर गाठ उपाशी ठेवता येईल, असं त्याचं म्हणणं. वाहिन्यांना बोलावणारा मुख्य रेणू व्हीईजीएफ. १९८३ साली ड्वोरॅक यांच्या गटाला तो वाहिन्या पाझरायला लावणारा पदार्थ म्हणून सापडला, आणि १९८९ मध्ये फेरारा यांच्या गटाने त्याला आजचं नाव दिलं. ऑक्सिजन कमी पडला की पेशी तो जास्त बनवतात. आमच्याकडच्या माणसाला समजवायचं तर मी कालव्याचं उदाहरण देते. शेताला पाणी कमी पडलं की कुणीतरी रात्रीत कालव्याला नळी जोडतो. घाईचं, चोरीचं काम. सांधे गळतात, नळी वाकडीतिकडी, एकीकडे चिखल तर एकीकडे कोरडं. गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या हुबेहूब तशा दिसतात.

आता वय. म्हाताऱ्या उंदरांत नव्या वाहिन्या फुटण्याची क्रिया मंदावते, व्हीईजीएफ कमी तयार होतं, हे १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. काही प्रयोगांत तर एकाच जातीच्या कॅन्सरपेशी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांत टोचल्या, तेव्हा म्हाताऱ्यांत गाठ हळू वाढली आणि तिच्यात वाहिन्याही कमी होत्या. मुलाने वाचलेलं हेच असावं. पण त्या प्रयोगात गाठ बाहेरून आणून टोचलेली असते. तिने त्या म्हाताऱ्या शरीरात आयुष्य काढलेलं नसतं. आप्पांच्या गाठीने काढलेलं होतं. जो काही अपुरा पुरवठा त्या फुप्फुसात होता त्यातच ती रुजली, त्याच्याशी जुळवून घेत, कित्येक वर्षं विडीच्या धुरात. इतक्या कमी पाण्यावर तगलेलं बी पुढे पाणी खेचायला कच्चं असेल, असं धरायला आधार नाही.

तरी मी म्हटलं, बघूया. सीडी ३४ नावाचा रंग लावला की रक्तवाहिन्यांचं अस्तर तपकिरी उठून दिसतं. हा रंग फुप्फुसाच्या रिपोर्टसाठी कुणी मागत नाही, त्यामुळे पैसे घेतले नाहीत. माझीही उत्सुकता होतीच. पद्धत साधी आहे. आधी लहान भिंगाखाली जिथे वाहिन्यांची गर्दी दिसते ती जागा शोधायची आणि मग दोनशेपट मोठं करून मोजायचं. १९९१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवर ही मोजणी गाजली आणि पुढची दहा वर्षं सगळं जग वाहिन्या मोजत बसलं.

आप्पांच्या काचेवर एका जागी अठ्ठावन्न भरल्या. बारीक, फाटे फुटलेल्या, काही ठिकाणी नुसते तपकिरी ठिपके, म्हणजे पोकळीही नीट न उघडलेल्या कोवळ्या फुटव्या. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या छातीत हे सगळं तान्हं. मी काच दोन मिलिमीटर सरकवली. तिथे अकरा. तोच धागा, तीच गाठ, तेच वय.

मुलाला मी दोन्ही जागा दाखवल्या. दोन डोळ्यांच्या मायक्रोस्कोपची सवय नसते, त्याला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसलं तेव्हा त्याने एकच विचारलं, “मग यातला खरा आकडा कुठला?” दहा वर्षं मोजून जगाला जे कळलं ते त्याने अर्ध्या मिनिटात विचारलं. २००७ साली फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तीन हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा वाहिन्यांच्या या मोजणीवरून रुग्ण किती जगेल ते सांगता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला. आणि ती माहिती ऑपरेशन करून काढलेल्या गाठींची होती. इथे तर सुईने काढलेला धागा.

फुप्फुसाची आणखी एक खोड आहे. त्याला मुळातच रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, प्रत्येक वायुकोशाभोवती. काही गाठी नवीन वाहिन्या बोलावतच नाहीत. वायुकोशांत पेशी भरत जातात आणि भिंतीतल्या जुन्या वाहिन्यांवरच पोट भरतात. १९९७ मध्ये पेझेल्ला आणि सहकाऱ्यांनी असे कॅन्सर दाखवून दिले. आयत्या कालव्याच्या बांधावरच पीक लावायचं, नळी कशाला जोडायची? अशा गाठीत मोजणीला काही अर्थ उरत नाही आणि व्हीईजीएफ अडवून फारसं साधेल असंही वाटत नाही. खानापूरच्या बाईंची काचही माझ्याच हाताखालून गेली होती. त्यांच्या गाठीचा बराच भाग असा भिंतींवर पसरलेला होता, नव्या फुटव्या तुरळक. म्हणजे मुलाचा सिद्धांत या दोन काचांपुरता नेमका उलटा पडत होता. हे अर्थातच त्याला सांगता येत नव्हतं. दुसऱ्याच्या काचेबद्दल तिसऱ्याशी बोलायचं नसतं. शिवाय दोन काचांवर सिद्धांत उभा करणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत जुना मोह आहे.

चार दिवसांनी आमची ट्यूमर बोर्डाची, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मिळून उपचार ठरवायची, बैठक झाली. इंजेक्शन म्हणजे बेव्हासिझुमॅब, व्हीईजीएफला पकडून ठेवणारं प्रतिपिंड. पूर्वी किंमत ऐकूनच विषय संपायचा. आता भारतात बनलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या जोडीची औषधं, मिळतात, भाव उतरलाय, आणि त्यामुळे “देऊन तर बघू” हा सूर खोलीत लवकर लागतो. ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, मात्र कागद घेऊन आले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ८७८ रुग्ण होते. नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जिथवर जगले तो काळ) १०.३ महिने, बेव्हासिझुमॅब जोडल्यावर १२.३. याच जोरावर औषधाला फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. पुढे २००८ मध्ये त्यातले सत्तरी ओलांडलेले २२४ रुग्ण वेगळे काढून पाहिले. त्यांच्यात इंजेक्शनवाल्या गटाचं मध्यक आयुष्य ११.३ महिने आणि नुसत्या केमोवाल्यांचं १२.१. फायदा गायब.

इथे कुणीतरी म्हणालं, “बघा, म्हाताऱ्यांच्या गाठीला वाहिन्यांची गरजच नसते.” मुलाचंच वाक्य, डॉक्टरच्या तोंडून. मला राहवलं नाही. त्याच तक्त्यात वरच्या ओळीत लिहिलंय की सत्तरीपुढच्यांतही गाठ लहान होण्याचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत २९ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात १७. रुग्णसंख्या कमी असल्याने हा फरक काठावरचाच, पण दिशा स्पष्ट आहे. गाठीतल्या वाहिन्यांवर औषधाचा परिणाम होत असावा. मग आयुष्य का वाढलं नाही? खालची ओळ वाचा. गंभीर दुष्परिणाम ८७ टक्के विरुद्ध ६१ टक्के. उपचारांमुळे झालेले मृत्यू सात विरुद्ध दोन. रामुसिरुमॅब हे याच जातीचं दुसरं औषध. त्याच्या २०१४च्या चाचणीतही पासष्टीखालच्यांना फायदा झाला आणि वरच्यांत तो दिसला नाही. असे उपगट मागाहून पाडलेले असतात, त्यांच्यावर फार वजन टाकू नये, हे मान्य. पण दोन चाचण्या एकाच बाजूला बोट दाखवतात तेव्हा बघावं लागतं.

माझ्या डोक्यात तिथे गोष्ट जुळली. वयाचा प्रश्न आपण चुकीच्या वाहिन्यांना विचारत होतो. व्हीईजीएफ गाठीसाठी बनलेलं नाही. ते शरीरातल्या प्रत्येक वाहिनीच्या अस्तराची रोजची डागडुजी करतं, वाहिन्या सैल ठेवायला मदत करतं, मूत्रपिंडाची गाळणी जपतं. ते अडवलं की रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, धमनीत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि हा धोका ज्यांना जास्त अशी दोन माणसं अभ्यासांत पुन्हा पुन्हा सापडतात, पासष्टी ओलांडलेला आणि पूर्वी गुठळीचा त्रास होऊन गेलेला. आप्पांची गाठ किती वयाची ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या मात्र पक्क्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या.

पण केस पेपरवर काय होतं? ‘अर्धांगवायू: नाही. थुंकीतून रक्त: किरकोळ.’

बैठकीनंतर ओपीडीत सगळे बसले होते. आप्पा, दोन मुलगे आणि थोरली सून. आप्पा कमी बोलणारे. मुलगे आळीपाळीने उत्तरं देत होते. सिस्टर येळ्ळूरच्या, तीस वर्षं नोकरी झालेली. त्या मध्येच सुनेकडे वळून म्हणाल्या, “आप्पांचा पंचा कोण धुतंय गं घरात?”

“मीच की.”

“मग तू सांग. रगात किती असतंय?”

सून आधी नवऱ्याकडे बघत राहिली, मग बोलली. “किरकोळ न्हाई हो. दिवाळीपासनं लागतंय. रोज न्हाई, पर लागतंय तवा चहाचा चमचा भरंल इतकं. दोनदा तर दगडावर पंचा आपटला तर पाणी लालच झालं. मामा म्हणत्यात, कात हाय पानातली. मला कळत न्हाई व्हय, कात कंची आन् रगात कंचं? कातीचा डाग ऱ्हातोय, रगात थंड पाण्यानं निघतंय.”

ज्यांना अर्ध्या चमच्याहून जास्त रक्त पडतंय त्यांना बेव्हासिझुमॅब देऊ नये, ही मर्यादा औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत फुप्फुसातून रक्तस्राव होऊन माणसं दगावली होती, म्हणून ती आली. इथे ती मर्यादा धुण्याच्या दगडावर सहा महिने ओलांडली जात होती आणि ओलांडताना बघणाऱ्या एकुलत्या एका माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

सुनेला आता धीर आला होता. “आन् वारं गेलतं तवापासनं उजव्या हातानं घास मोडताना थरथरत्यातच.”

ऑन्कॉलॉजिस्टनी पेन खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी शेतावरून येताना आप्पांचा उजवा हात तासभर लुळा पडला होता, बोलणं जड झालं होतं. गावात त्याला वारं गेलं म्हणतात. तेल चोळलं, रात्रीत बरं वाटलं, विषय संपला. दवाखान्यात विचारणारा निवासी डॉक्टर दक्षिण कर्नाटकातला, चांगला मुलगा, त्याने कन्नडमध्ये लकवा मारला होता का असं विचारलं होतं. आप्पांना कन्नड उत्तम येतं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं आणि ते खोटं बोलले नव्हते. लकवा म्हणजे खाटेवर पडलेला माणूस. त्यांचं तर नुसतं वारं होतं, तासाभराचं. सीमाभागात दोन-तीन भाषा येणं ही सोय आहे असं आपण समजतो, पण शब्द समजला आणि अर्थ निसटला तर दुभाष्याचीही गरज वाटत नाही, ही त्यातली मेख.

एमआरआयमध्ये मेंदूत डाव्या बाजूला जुना छोटा व्रण निघाला आणि मानेतली डावी धमनी अरुंद झालेली दिसली. इंजेक्शनचा विषय तिथे बंद झाला. दुसरा सुरू झाला, कारण अरुंद धमनीला ॲस्पिरिन हवं आणि रक्त पडणाऱ्या फुप्फुसाला ते नको. हृदयरोगतज्ज्ञ आणि ऑन्कॉलॉजिस्ट दहा मिनिटं वाद घालत होते. शेवटी आधी रक्तदाब आटोक्यात आणायचा, केमोने थुंकीतलं रक्त थांबतंय का बघायचं आणि मगच ॲस्पिरिन, असं ठरलं.

केमो कुठली, तिथेही वय आडवं आलं, तेही लपूनछपून. अशा कॅन्सरला पेमेट्रेक्सेड हे सवयीचं औषध. आप्पांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, १.२, लॅबच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’च्या रकान्यात. पण मूत्रपिंड किती गाळतं ते काढायच्या सूत्रात घालून बघा. एकशे चाळीसमधून वय वजा केलं, सदुसष्ट. त्याला बावन्न किलो वजनाने गुणलं आणि बहात्तर गुणिले १.२ ने भागलं, तर उत्तर जेमतेम चाळीस. पेमेट्रेक्सेडला पंचेचाळीस लागतात. तिशीतल्या सत्तर किलोच्या माणसाचं हेच १.२ नव्वदच्या आसपास भरलं असतं. म्हणून फ्रान्समधल्या चाचणीची पद्धत घेतली, महिन्यातून एकदा कार्बोप्लॅटिन आणि तीन आठवडे दर आठवड्याला थोडं थोडं पॅक्लिटॅक्सेल. ती चाचणी मुद्दाम सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या रुग्णांवर केली होती, आणि तिथे एकाच औषधावरच्या ६.२ महिन्यांच्या जागी मध्यक आयुष्य १०.३ महिने झालं होतं. म्हातारा म्हणून निम्मे उपचार द्यायचे, या सवयीला ते चांगलं उत्तर आहे.

कार्डांचा गोंधळ मधे झालाच. कर्नाटकची आरोग्य योजना आहे, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली त्याचाही दाखला धाकट्याने काढून ठेवला होता. कोल्हापूरला न्यायचं की बेळगावात ठेवायचं यावर भावाभावांत रात्रभर खल झाला. आप्पांनी सकाळी निकाल दिला. जिथून संध्याकाळच्या गाडीने घरी जाता येतं तिथेच.

धाकटा पुन्हा लॅबमध्ये आला, या वेळी रिकाम्या हाताने. “म्हणजे आप्पांचं वय आड आलं.” मी म्हटलं, वय नव्हे, मानेतली धमनी आणि पंचा. हेच दोन्ही नसते आणि रक्तदाब ताब्यात असता, तर त्र्याहत्तरीतही बोर्डाने विचार केला असता. आणि खानापूरच्या बाईंना वारं जाऊन गेलेलं असतं तर एक्केचाळिसाव्या वर्षीही नको म्हटलं असतं. त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. त्याने विचारलं, त्या अठ्ठावन्नवाल्या जागेचा फोटो मिळेल का. दिला.

तीन महिन्यांनी सीटी झाला. गाठ ३.७ सेंटिमीटर. तीस टक्के कमी झाल्याशिवाय कागदावर ‘प्रतिसाद’ लिहिता येत नाही, म्हणून रिपोर्टात ‘आजार स्थिर’ असं आलं. घरच्यांना त्या शब्दाने वाईट वाटलं, त्यांना खोकला थांबलेला दिसत होता. पंचा दोन महिने स्वच्छ होता. सुनेने शाळेच्या वहीत तारखा मांडल्या होत्या, डाग असलेल्या दिवसापुढे फुली. शेवटची फुली पहिल्या केमोनंतर नवव्या दिवशी. ॲस्पिरिन सुरू झालं.

तक्रार एकच, आणि ती आप्पांनी स्वतः केली, त्यामुळे सगळ्यांनी कान टवकारले. बोटांच्या टोकांना काही लागत नव्हतं. पॅक्लिटॅक्सेल नसांना इजा करतं आणि म्हाताऱ्या नसा लवकर कुरकुरतात. वखारीच्या मालकाने जुन्या ओळखीपोटी थोडा माल बघायला बोलावलं होतं. आप्पा गेले, पान चिमटीत धरलं, चोळलं, आणि परत ठेवून दिलं.

“बोटाला गोणपाट गुंडाळल्यागत झालंय,” ते ऑन्कॉलॉजिस्टना म्हणाले. “पान ओलं हाय का वाळलं, मला न्हाई सांगाय आलं.”

पुढच्या आठवड्यापासून पॅक्लिटॅक्सेलचा डोस उतरवला. सुनेने वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘बोटं’.